आग्रहाच्या मुलखातील नकारघंटा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या समाजजीवनाचा जो कोणी अभ्यास करील, त्याच्या लवकरच ध्यानात येईल की, या भागात स्पष्ट नकार देण्याची पद्धत नाही. उसने पैसे मागणाऱ्याला ‘बघू की’ असे सांगितले जाते, सोसायटीच्या निवडणुकीत मत मागायला आलेल्या प्रत्येक पॅनेलला ‘आपलंच हाय, काळजी करू नका’ असा शब्द मिळतो, आणि जेवून आलेल्या पाहुण्याला पुन्हा पाटावर बसवून, तो ‘पुरे’ म्हणाला तर त्याला संकोच वाटतो आहे असे समजून त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली जाते. अशा मुलखात गेल्या काही वर्षांत नकार देणारा एक रहिवासी घरोघर येऊन राहिला आहे, ही घटना समाजशास्त्राने नोंदविण्याजोगी आहे. हा रहिवासी म्हणजे पॉवर बँकेच्या, तसेच बंद पडलेली गाडी सुरू करून देणाऱ्या जंप स्टार्टरच्या पोटातली दोन बोटे रुंदीची सर्किटची पट्टी असून तिला बाजारात नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. वीज घेणे आणि देणे ही या बोर्डाची वरकरणी कामे होत. त्याचे शहाणपण मात्र केव्हा घ्यायचे नाही आणि केव्हा द्यायचे नाही हे ठरविण्यात असते, आणि नेमक्या याच कारणामुळे त्याच्याविषयीच्या तक्रारी फार आहेत.

हाती धरून नेता येणारी ऊर्जा या भागाला नवी नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि तेथला ‘प्रभाकर’ कंदील पुढे मराठी घरांतल्या खुंट्यांवर जाऊन बसला. त्या कंदिलाचा सगळा व्यवहार उघडा होता: चावी फिरविली की वात वर येई, फार वर आली की काच काजळे, आणि टाकीत रॉकेल किती उरले ते कंदील कानाजवळ हलवून कळे. पॉवर बँक कानाजवळ हलविली असता काहीही कळत नाही, आणि आतून काही खुळखुळलेच तर ती आनंदाची वार्ता नसते. कंदिलानंतर वीज आली, आणि वीज पुरविण्यात तर सातारा जिल्हा राज्यात मोठ्या मानाचा ठरला. कोयना प्रकल्पाचे धरण पाटण तालुक्यात, मुख्य वीजगृहे सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे कोकणाच्या अंगाला, आणि एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. नेहमीच्या आकाराच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे एक वॅटचा दिवा ३७ तास जळेल इतकी. या हिशेबाने कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने अवघा एक सेकंद चालला तर, वाटेतली गळती सोडून, सुमारे १४,७०० पॉवर बँका भरतील. असे असूनही कोयनाकाठच्या माणसाला मुंबईची गाडी धरताना पिशवीत पॉवर बँक टाकावी लागते, आणि शेतीपंपाची वीज रात्रपाळीने आली की पाणी पाजायला निघालेल्या शेतकऱ्याजवळही ती असते. कारण वीज निर्माण होणे आणि वीज हाताशी असणे या दोन स्वतंत्र विद्याशाखा आहेत.

बोर्डाचा स्वभाव समजून घेण्यासाठी त्याच्या शेजाऱ्याची, म्हणजे लिथियम-आयन सेलची, ओळख आवश्यक ठरते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणलेला आणि ज्याच्या घडणीसाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, असा हा सेल मोठा कर्तबगार पण विलक्षण नाजूक प्रकृतीचा आहे. त्याचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या फार खाली त्याला उतरवू नये, असा दंडक आहे. ४.२ च्या वर रेटत नेल्यास आतले द्रावण विघटित होऊ लागते, वायू साठतो, सेल फुगतो आणि प्रसंगी पेट घेतो. या दोन जिल्ह्यांचा बॅटरीविषयक अनुभव मात्र ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीवर पोसलेला आहे. ही बॅटरी जरा जास्त चार्ज झाली तर आतले पाणी बुडबुडे काढीत उडून जाते आणि मालक डिस्टिल्ड वॉटर ओतून तिची समजूत घालतो. रात्रभर चार्जिंगला लावून निवांत झोपण्याची सवय या सोशिक बॅटरीने लावली, आणि त्या सवयीची फळे लिथियमने भोगू नयेत म्हणून बोर्डाची नेमणूक झाली.

बोर्ड सेल कसा भरतो, हे लग्नाच्या पंगतीवरून उत्तम समजते. पंगत बसल्यावर वाढपी पहिल्या फेरीत ताट न बघता एकाच वेगाने पळीमागून पळी वाढीत जातो. बोर्डही सुरुवातीला ठरावीक अँपिअरचा प्रवाह अखंड सोडतो, आणि या टप्प्याला स्थिर प्रवाहाचा टप्पा म्हणतात. सेलचा दाब ४.२ व्होल्टवर पोचला की पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला असे समजावे. येथून पुढे बोर्ड दाब तेवढाच ठेवून प्रवाह कमी कमी करीत नेतो, आणि तो मूळच्या सुमारे दहाव्या भागावर आला की वाढणे थांबवितो. या दुसऱ्या टप्प्याला स्थिर दाबाचा टप्पा हे नाव आहे. अखेरचे थोडे टक्के भरायला फार वेळ का लागतो, या सार्वत्रिक प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पंगत आणि बोर्ड यांच्यातला भेद एवढाच की, आडव्या हाताचा मान राखणारा वाढपी कृष्णाकाठी अद्याप कोणी पाहिलेला नाही.

भरण कितीही शिस्तीचे असले तरी चुकून अतिरेक झाल्यास काय, याचाही विचार रचनाकारांनी केला आणि चार्जिंगच्या चिपपलीकडे आणखी एक रखवालदार बसविला. स्वस्त बोर्डांवर हा रखवालदार बहुधा डीडब्ल्यू०१ नावाची सहा पायांची चिप असतो, आणि त्याच्या हुकुमात ८२०५ क्रमांकाचा, दोन इलेक्ट्रॉनिक दरवाजे असलेला जोडीदार काम करतो. दाब ४.३ व्होल्टच्या आसपास गेला की आत येण्याचा दरवाजा बंद, २.४ च्या आसपास उतरला की बाहेर जाण्याचा बंद, आणि बाहेरची वायर शॉर्ट झाली तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत बंद. चिपला मध्यस्थ चालत नाहीत, तिला ‘आपल्या गावचाच माणूस आहे’ हे पटत नाही आणि आमदारांची चिठ्ठी वाचता येत नाही. म्हणूनच आळंदीच्या पालखीबरोबर लोणंद-फलटण करून आलेली पॉवर बँक रिकामीच कपाटात टाकून पुढच्या आषाढीला बाहेर काढणाऱ्यास ती मेलेली आढळते. सेल खोलवर उतरलेला असतो आणि बोर्डाने व्यवहार थांबविलेला असतो. अशा वेळी बोर्डाला वळसा घालून सेलला थेट वीज ‘पाजणारे’ हुन्नरी कारागीर मिळतात. पण फार उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा आतल्या द्रावणात विरघळून पुढे अंतर्गत शॉर्टला निमित्त होतो, आणि त्यामुळे बोर्डाचा नकार बहुधा कारागिराच्या होकारापेक्षा अधिक अभ्यासपूर्ण असतो.

तक्रारींची खरी रास मात्र आकड्यांपाशी पडते. वेष्टनावर ठळक छापलेला १०,००० हा आकडा मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे इतका प्रवाह किती वेळ वाहील याचा असतो. पण तो सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, तर मोबाईलच्या वायरीत ५ व्होल्ट जावे लागतात. दाब वाढविला की प्रवाहाचा आकडा घटतो, या न्यायाने १०,००० चे ७,४०० होतात, आणि दाब वाढविण्याच्या खटाटोपात उष्णतेपायी आणखी दहा-पंधरा टक्के जाऊन वायरीच्या तोंडाशी साडेसहा हजारांच्या आत-बाहेर काहीतरी उरते. ५,००० चा मोबाईल दोनदा भरेल या हिशेबाने खरेदी केलेल्या गृहस्थाला तो दीडदाच भरतो असे दिसते, आणि तो दुकानदाराशी भांडायला निघतो. ताकारी किंवा म्हैसाळ योजनेच्या कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला ही वजाबाकी समजावून सांगावी लागत नाही. हेडला सुटलेले आणि टेलला पोचलेले यांत फरक असतो हे ज्ञान त्याला बालपणीच प्राप्त झालेले असते.

दर्शनी भागावरील चार दिव्यांविषयीही गैरसमज आहे. हे दिवे साठा मोजीत नाहीत, ते बहुतेक बोर्डांत सेलच्या दाबावरून अंदाज बांधतात. आणि लिथियम सेलचा दाब मधल्या टप्प्यात फारसा हलत नाही, अखेरीस मात्र एकदम घसरतो. त्यामुळे मधले दिवे एस. टी.ने स्वारगेट सोडल्यापासून साताऱ्यापर्यंत इमानाने जळतात, आणि शेवटचा दिवा, पुढच्या मुक्कामाला न्यायला येणाऱ्या मेहुण्याला फोन करायचा असतो नेमका त्याच वेळी, कराडच्या अलीकडे मान टाकतो.

याहून गूढ नकार गणेशोत्सवात अनुभवास येतो. मखरातल्या मूर्तीमागे दोन-चार चिमुकल्या एलईडींची माळ पॉवर बँकेला जोडली जाते, आरतीला सर्वजण उभे राहतात, आणि पहिल्या कडव्यातच माळ विझते. बटण दाबल्यास ती लागते आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा विझते. घरातले वडीलधारे यात अपशकुन, तरुण चिनी माल आणि बाकीचे जावयाने दिलेली भेटवस्तू पाहतात. वास्तविक बोर्डाची समजूत अशी असते की, सुमारे ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह मागणारा मोबाईल जगात नाही, तेव्हा इतकी अल्प मागणी म्हणजे भरून झालेल्या मोबाईलची वायर तशीच राहिली असणार. म्हणून तो थोडी वाट पाहून दुकान बंद करतो. त्याच वायरीवर एखादा मोठा दिवा जोडल्यास बोर्ड आरती संपेपर्यंत तिष्ठत राहतो. कमी मागणाऱ्याकडे दुर्लक्ष होते आणि मोठ्या मागणीपुढे व्यवस्था उभी राहते, हे तत्त्व त्याने कोणाकडून उचलले याविषयी तर्क न केलेला बरा.

तापमानाविषयी बोर्ड फार हळवा असतो. चांगल्या बोर्डाला थर्मिस्टर, म्हणजे उष्णतेनुसार आपला विद्युतरोध बदलणारा मण्याएवढा घटक जोडलेला असतो, आणि साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या बाहेर तो चार्जिंग नाकारतो. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम सेलच्या आत धातूरूपाने साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर पहाटे गोठलेले दव पाहायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. अधिक व्यवहार्य धोका दुसऱ्या टोकाचा आहे, कारण जत-आटपाडीकडच्या उन्हाळ्यात काचा बंद केलेल्या जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेली पॉवर बँक चार्जिंग घेत नाही, तेव्हा तिचा मालक ‘आत्ताच घेतली, लगेच बाद झाली’ असे जाहीर करतो. त्या डॅशबोर्डवर स्वतः बसून पाहण्याची सूचना त्याला सहसा कोणी करीत नाही.

पुराचा प्रसंग थट्टेपलीकडचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, शहराचे मोठे भाग पाण्याखाली आणि अंधारात राहिले, आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाचा बोटीशी आणि नातलगांशी असलेला दुवा म्हणजे हातातला मोबाईल होता. अशा वेळी उरलेल्या साठ्याची किंमत वेष्टनावरच्या आकड्यावरून ठरत नाही. मात्र पुरात बुडालेली पॉवर बँक उन्हात वाळवून पुन्हा चार्जिंगला लावणे ही काटकसर नव्हे. पाणी सुकले तरी गाळ आणि क्षार बोर्डावर राहतात, रखवालदाराचेच पाय आपसांत जोडले जातात, आणि नकार देणारा कोणी उरत नाही.

बोर्डाच्या नकाराचे सर्वांत नाट्यमय दर्शन उसाच्या गळीत हंगामात, जंप स्टार्टरच्या निमित्ताने घडते; आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत मराठी रंगभूमीचा प्रारंभ केला, तेथे प्रेक्षकांचा तुटवडा कधीच नसतो. पहाटे ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली असते, सेल्फ मारला की नुसते ‘टक’ होते, आणि मागे दोन ट्रॉल्या ऊस भरलेला असल्याने धक्का स्टार्टचा पारंपरिक मार्ग बंद असतो. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आहे. तरीही ट्रॅक्टरच्या बॉनेटभोवती जमणाऱ्यांना त्यांची गरज भासत नाही, कारण जमलेला प्रत्येक जण अभियंताच असतो. जंप स्टार्टरमध्ये बहुधा तीन लिथियम सेल एकापुढे एक जोडून १२.६ व्होल्टपर्यंतचा दाब मिळविलेला असतो, आणि त्यातून डिझेल इंजिन फिरविण्यासाठी काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. हा लोंढा चार्जिंगच्या नाजूक बोर्डातून न नेता जाड वायरींतून सोडतात, आणि लाल-काळ्या चिमट्यांच्या वाटेवर एका डबीत बसविलेला दुसरा बोर्ड त्यावर पहारा देतो. तो आधी बॅटरीचा दाब आणि दिशा तपासतो, सर्व ठीक असेल तर हिरवा दिवा लावतो, आणि चिमटे उलटे असतील तर लाल दिवा लावून किंचाळतो.

चिमटे उलटेच असतात. बॅटरीच्या टोकांवर वर्षानुवर्षांची पांढरी भुकटी आणि ग्रीस साचल्याने अधिक-उणे ओळखण्याचे काम बहुमताने झालेले असते. बोर्ड किंचाळताच ‘मालक, यंत्रच बोगस हाय, परत करा’ असा निर्णय जमाव देतो. ‘अण्णा, चिमटं उलटं लावल्यात का बघा की’ असे म्हणणारे पोर मागे ढकलले जाते. पुढची पायरी ‘बूस्ट’ बटणाची. बॅटरी इतकी उतरलेली असेल की बोर्डाला ती दिसतच नाही, अशा प्रसंगासाठी हे बटण दिलेले असून ते दाबल्यावर पुष्कळ यंत्रांत उलट जोडणीची तपासणीही बाजूला पडते. म्हणजे ज्या क्षणी रखवालदाराची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी त्याला सुट्टी देण्याची सोय या बटणात आहे. याहून मोठा पराक्रम म्हणजे ट्रॅक्टरचे काम होताच उत्साहाच्या भरात तेच यंत्र कारखान्याच्या रांगेतल्या उसाच्या ट्रकला लावणे. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा आणि अवजड ट्रक २४ व्होल्टचा, हा फरक चांगला बोर्ड ओळखतो, आणि साधा बोर्ड त्याचे ज्ञान धुराच्या रूपाने प्रकट करतो. अशा यंत्रातल्या तीन सेलांपैकी एक आधी भरला तर त्याची जादा वीज छोट्या रोधकातून जिरवून उरलेल्या दोघांना बरोबर आणण्याचे काम चार्जिंगचा बोर्ड करतो, याला संतुलन म्हणतात. सहकाराच्या या माहेरघरात पुढच्याने मागच्यासाठी थांबण्याचे तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडू नये, पडते.

खरेदीच्या वेळी मात्र या सर्व गुणांना शून्य भाव असतो. ग्राहक आकडा विचारतो, रंग पाहतो, ‘फायनल किती’ म्हणतो. यंत्र नकार कसा देते, हे विचारीत नाही. म्हणून बाजारात ५०,००० चा आकडा छापलेल्या आणि हातात पिसासारख्या हलक्या पॉवर बँका सुखाने विकल्या जातात. १८६५० नावाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल सुमारे ४५ ग्रॅम भरतो आणि त्यात २,५०० च्या आसपास मिलिअँपिअर-तास मावतात. तेव्हा ५०,००० साठी असे वीस सेल, म्हणजे नऊशे ग्रॅमचा नुसता ऐवज लागतो. हळदीचे पोते नुसते उचलून वजनाचा अंदाज सांगणाऱ्या सांगलीच्या पेठेत ही लबाडी खपावी, याचे आश्चर्य वाटते. वजनाचीही पंचाईत अशी की, काही बनावट मालात ते भरून काढण्यासाठी वाळू घातलेली आढळली आहे, आणि वाळूच्या बाबतीत कृष्णाकाठाला नवे काही शिकवावे अशी परिस्थिती नाही.

तात्पर्य असे की, पॉवर बँकेची आणि जंप स्टार्टरची प्रतवारी त्यांच्या नकारावरून करावी. घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि त्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, ठळक आकड्याऐवजी बारीक अक्षरांत छापलेले वॅट-तास वाचावेत, फुगलेला सेल घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा, आणि बोर्डाला वळसा घालून देतो म्हणणाऱ्या हुन्नरी कारागिराला, या मुलखाची रीत एकदा मोडून, स्वच्छ ‘नको’ म्हणावे. दोन जिल्ह्यांत बोर्डाचे एवढे एकच मत असे आहे की जे सर्व पॅनेलांना सारखे सांगितले जाते. निदान ते तरी ऐकून घ्यावे, आणि यंत्राला शिवी देण्याआधी चिमटे तपासावेत.